कंसातले घाडगे आणि स्विचचा पत्ता

महाराष्ट्रात कारंजा या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. वाशीम जिल्ह्यातले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध. ते कारंजा (लाड). रायगड जिल्ह्यात उरणजवळ समुद्रकाठी आहे ते कारंजा बंदर. आणि वर्धा जिल्ह्यात, नागपूर–अमरावती महामार्गावर, तालुक्याचे गाव असलेले कारंजा आहे ते कारंजा (घाडगे). गावातला माणूस बोलताना हा कंस कधी उच्चारत नाही. आर्वीहून एसटीत बसताना ‘एक कारंजा’ एवढे सांगितले की वाहक तिकीट फाडतो. पण पुण्याहून निघालेल्या पार्सलावर कंसातले ‘घाडगे’ राहून गेले, तर ते वाशीम जिल्ह्यात जाऊन पडण्याची शक्यता असते. गावाला स्वतःपुरते नाव पुरते. कंस लागतो तो बाहेरून शोधत येणाऱ्याला.

या लेखाचा विषय गावांच्या नावांचा नाही. सरकारी कार्यालये, शाळा, दवाखाने, बँका यांच्या भिंतीवर टांगलेल्या एका पेटीचा आहे. तिला स्विच म्हणतात. या पेटीला आयपी पत्ता देणे हे संगणक जोडणाऱ्या कारागिराचे रोजचे, कंटाळवाणे काम. पण ते नीट झाले की नाही, यावर तालुक्याच्या गावात एखादे कार्यालय तासाभरात पूर्ववत होणार की दोन दिवस बंद राहणार, हे ठरते. म्हणून ते काय असते आणि कसे करावे, हे तंत्रज्ञ नसलेल्या वाचकानेही समजून घेण्यासारखे आहे.

सहा अंकांची शिस्त

पत्त्याचे शास्त्र आपल्याला नवे नाही. भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू केला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि तेवढेच नावाजलेले संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, पत्रांची वाटणी करणाऱ्याला न वाचता येणारी अक्षरे, ही त्यांच्यापुढची अडचण होती. तिच्यावर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला.

या सहा अंकांत एक उतरंड आहे. पहिला अंक विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. दुसरा अंक जोडला की ४४, म्हणजे विदर्भ. तिसऱ्या अंकाने पत्रांची वाटणी करणारे क्षेत्र ठरते. उरलेले तीन अंक त्या क्षेत्रातल्या टपाल कार्यालयाचे. कारंजा (घाडगे) चा पिनकोड ४४२२०३ आणि कारंजा (लाड) चा ४४४१०५. पहिले दोन अंक सारखे, तिसऱ्याला वाटा फुटतात. मुंबईत पत्र वेगळे करणाऱ्याला ही दोन गावे नकाशावर कुठे आहेत, हे माहीत असण्याची गरज नाही. त्याने पहिले अंक पाहावेत आणि पोते विदर्भाच्या गाडीत टाकावे. पुढचे अंक पुढच्या टप्प्यावरचा माणूस पाहील.

आयपी पत्त्याची रचनाही याच तत्त्वावर उभी आहे. आज सर्वाधिक ओळखीचा असलेला त्याचा प्रकार, चौथी आवृत्ती, सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झाला. त्यात ठिपक्यांनी वेगळे केलेले चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला असतो. उदाहरणार्थ १०.३२.६.११. आकडे २५५ वरच थांबतात, कारण प्रत्येकासाठी यंत्रात आठ द्विमान अंकांचीच जागा राखलेली आहे. चार वेळा आठ म्हणजे बत्तीस. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा हा साठा अफाट वाटत होता. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले.

पिनकोडात किती अंक प्रदेशाचे आणि किती टपाल कार्यालयाचे, हे कायमचे ठरलेले आहे. आयपी पत्त्यात ते प्रत्येक जाळ्यापुरते ठरवता येते आणि ते सांगण्यासाठी पत्त्याबरोबर आणखी एक आकडा लिहावा लागतो. त्याला सबनेट मास्क म्हणतात. २५५.२५५.२५५.० असा मास्क असेल, तर त्याचा अर्थ असा की पहिले तीन आकडे वस्तीचे आणि शेवटचा एक घराचा. अशा वस्तीत २५६ क्रमांक असतात. त्यांतला पहिला वस्तीच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखून ठेवतात. उरतात २५४.

मारुतीच्या देवळामागे

पत्ते अपुरे पडणार, हे जाणकारांच्या आधीच ध्यानात आले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन पट्टे खासगी वापरासाठी बाजूला काढण्यात आले : १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही, कोणाला न विचारता, आपल्या भिंतींच्या आत वापरावेत. बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना अर्थ नाही.

खेड्यात कोणी ‘मारुतीच्या देवळामागे’ असा पत्ता सांगतो, तेव्हा त्या गावापुरता तो बिनचूक असतो. मारुतीचे देऊळ गावोगाव असते, पण त्याने गोंधळ होत नाही, कारण सांगणारा आणि ऐकणारा एकाच गावात उभे असतात. १९२.१६८.१.१ हा पत्ता नेमका असा आहे. या क्षणी जगातल्या असंख्य घरांतल्या राउटरचा तोच पत्ता असेल आणि त्यातून कोणाचेही काही अडत नाही. अडते केव्हा, तर एकाच गावात दोन मारुती निघाले तर. त्याकडे पुढे येऊ.

पत्त्याशिवाय चालणारे यंत्र

स्विच म्हणजे अनेक खाचांची पेटी. खाचांना पोर्ट म्हणतात. संगणक, प्रिंटर, कॅमेरा, हजेरीचे यंत्र, भिंतीवरचे वायफाय या सगळ्यांच्या केबली तिच्यात येऊन मिळतात. तिच्या आधी हब नावाचे यंत्र वापरात होते. हबकडे एका केबलीतून निरोप आला की तो उरलेल्या सगळ्या केबलींत ओरडून सांगे. ज्याचा असेल त्याने घ्यावा. स्विचने ही आरडाओरड थांबवली. पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये अमेरिकेत बाजारात आला. तो काढणाऱ्या कंपनीचे नाव होते ‘कल्पना’ आणि तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे अभियंते होते. पुढे १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

स्विचची युक्ती साधी आहे. प्रत्येक यंत्राच्या जोडणी-पट्टीवर कारखान्यातच एक क्रमांक कोरलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्याला पत्ता म्हणत असले, तरी ती खरे तर जन्मखूण आहे. यंत्र कारंज्यात असो वा कोल्हापुरात, ती बदलत नाही. कोणत्या खाचेतून कोणती जन्मखूण बोलली, हे स्विच टिपून ठेवतो आणि त्या जन्मखुणेसाठी निरोप आला की तो त्याच खाचेत टाकतो. काही वेळ, बहुधा पाच मिनिटे, एखादी जन्मखूण बोललीच नाही, तर तिची नोंद पुसतो.

या सगळ्या कामात स्विचला स्वतःचा आयपी पत्ता लागत नाही. पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनचे स्वतःचे घर कुठे आहे, याचा पत्रे वाटण्याशी संबंध नसतो, तसेच हे. बाजारात मिळणारे स्वस्त, साधे स्विच असेच असतात. खोक्यातून काढा, विजेला जोडा, केबली खोचा, काम सुरू. त्यांना पत्ता नसतो आणि देताही येत नाही.

मग पत्ता द्यायचा कशाला? पुढचे सगळे विवेचन या प्रश्नाच्या उत्तरात आहे. साध्या स्विचला काही विचारता येत नाही आणि काही सांगता येत नाही. तो चालतो तोवर चालतो. बंद पडला की कोणीतरी शिडी लावून त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. याउलट, ज्याला मॅनेज्ड स्विच म्हणतात, त्याच्याशी बोलता येते. बाराव्या खाचेत काय जोडले आहे, ती केबल केव्हापासून तुटली आहे, कोणत्या खाचेतून प्रमाणाबाहेर निरोप येत आहेत, असे त्याला विचारता येते. एखादी खाच बंद कर, एखादा कॅमेरा पुन्हा चालू कर, असे सांगता येते. दूर बसून बोलायचे तर त्याला हाक मारता आली पाहिजे, आणि हाक मारायला पत्ता हवा. स्विचचा आयपी पत्ता स्विचच्या कामासाठी नसतो. त्याची देखभाल करणाऱ्या माणसासाठी असतो.

शिडीचे अंतर

मुंबईतल्या कचेरीत हा फरक फारसा जाणवत नाही. यंत्र अडले तर तंत्रज्ञ दुसऱ्या मजल्यावरून येतो. कारंज्यासारख्या ठिकाणी गोष्ट वेगळी असते. तहसील, पंचायत समिती, नगर पंचायत, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणे, बँका, शाळा-महाविद्यालये, असा तालुक्याच्या गावाचा सगळा पसारा इथे आहे. देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा प्रकल्प केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केला. तोच पुढे भारतनेट झाला. त्याच्या रचनेत तालुक्याचे गाव हा सांधा आहे : तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली तार ग्रामपंचायतींत फुटते. सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विम्याच्या नोंदी ही कामे आज या तारांवरून होतात. तारा पोहोचल्या, त्या सांभाळणारा माणूस मात्र बहुधा वर्ध्याला किंवा नागपूरला असतो, दीड-दोन तासांच्या अंतरावर.

समजा, सोमवारी सकाळी एका कार्यालयातले सगळे संगणक एकदम ‘अडकले’. त्याचे एक नेहमीचे कारण असे : साफसफाई करताना कोणाला एक मोकळी लोंबणारी केबल दिसली आणि त्याने ती जवळच्या खाचेत खोचून दिली. तिचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये होते. आता वर्तुळ तयार झाले. सर्वांसाठी मारलेली एक हाक त्या वर्तुळात फिरत राहते, दर फेरीला वाढते आणि काही क्षणांत सगळे जाळे त्या एका हाकेने तुंबते. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञ बाईंनी १९८५ मध्ये शोधला. स्विच आपसांत बोलून वर्तुळ ओळखतात आणि एक दुवा आपणहून मिटतात, म्हणजे वर्तुळाचे झाड होते. पर्लमन यांनी या शोधनिबंधाला सारांश म्हणून एक कविता जोडली होती. पिनकोड संस्कृत कवीने आखला आणि जाळ्यातले वर्तुळ सोडवण्याचा मार्ग कवितेतून मांडला गेला, हे साहित्याच्या वाचकाने लक्षात ठेवावे.

साधा स्विच असेल तर वर्तुळ शोधण्यासाठी एकेक केबल उपसून पाहावी लागते. मॅनेज्ड स्विच असेल आणि ही सोय चालू असेल, तर वर्तुळ होतच नाही. काही वेगळेच बिघडले असेल, तर वर्ध्याला बसलेला माणूस पत्ता टंकतो, स्विचला विचारतो आणि फोनवर सांगतो, ‘सातव्या खाचेतली केबल काढा.’ काम पाच मिनिटांचे. पण पत्ताच ठाऊक नसेल, तर तोच मॅनेज्ड स्विच साध्या स्विचइतकाच मुका ठरतो. जास्तीचे पैसे दिले होते ते बोलण्यासाठी. बोलण्याचा मार्ग कोणी लिहून ठेवला नाही.

पत्ता देण्याची रीत

आता प्रत्यक्ष काम. पहिली पायरी यंत्राजवळ नव्हे, कागदावर होते. पत्त्यांचा आराखडा आधी करावा. एक नमुना पाहू. तो केवळ समजण्यासाठी रचलेला आहे. वर्धा जिल्ह्याच्या वाहनांचा क्रमांक एमएच ३२ आणि वाशीमचा एमएच ३७. खासगी पट्ट्यातला १० घेऊन दुसरा आकडा जिल्ह्याचा ठेवला, तर वर्धा म्हणजे १०.३२ आणि वाशीम म्हणजे १०.३७. वर्ध्यात आठ तालुके आहेत : वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. या क्रमाने तिसरा आकडा दिला, तर कारंज्याचा ६. मग १०.३२.६ एवढे वाचले की हे घाडग्यांचे कारंजे, लाडांचे नव्हे, हे कळते. कंसाचे काम आकड्याने केले.

शेवटच्या आकड्याची वाटणी एका कार्यालयापुरती अशी करता येईल : १ हा दाराचा, म्हणजे गेटवेचा, ११ ते ३० स्विचसाठी, ३१ ते ५० प्रिंटर, कॅमेरे अशा जागेवरून न हलणाऱ्या यंत्रांसाठी, आणि १०० ते २०० येणाऱ्या-जाणाऱ्या संगणकांसाठी. मधल्या मोकळ्या जागा मुद्दाम सोडाव्यात. आज दोन स्विच आहेत, उद्या इमारतीला मजला चढेल.

दुसरी पायरी म्हणजे स्विचची पहिली गाठ. बहुतेक मॅनेज्ड स्विच कारखान्यातून एक ठरलेला पत्ता घेऊन येतात. डी-लिंकच्या बऱ्याच स्विचचा तो १०.९०.९०.९० असतो, काहींचा १९२.१६८.०.१ असतो. हा पत्ता खोक्यावर, पेटीच्या पाठीवर किंवा सोबतच्या पत्रकात छापलेला असतो. आपला लॅपटॉप केबलीने थेट त्या स्विचला जोडावा आणि लॅपटॉपला तात्पुरता त्याच वस्तीतला शेजारचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १०.९०.९०.९१. दोघे एका वस्तीत आले की बोलणे सुरू होते. काही मोठ्या स्विचना कारखान्यातला पत्ता नसतो; त्यांच्यासाठी कन्सोल नावाची वेगळी खाच असते आणि तिच्यातून पहिला संवाद होतो.

एकाच कंपनीचे चार नवे स्विच एकदम जाळ्यात जोडणे टाळावे. चौघांचा पत्ता सारखाच असतो. एकेकाला बाजूला घेऊन पत्ता बदलावा आणि मगच जोडावा. जाळ्यात एखादे यंत्र शोधताना हाक मारली जाते : ‘हा पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल तो आपली जन्मखूण सांगतो. एसटीच्या फलाटावर ‘अहो देशमुख’ अशी हाक मारली आणि चौघे वळले, तर पुढचे बोलणे कोणाशी होईल याचा नेम नसतो. इथेही तसेच. कधी एक स्विच उत्तर देतो, कधी दुसरा. बदल एकावर करायचा असतो आणि तो भलत्यावरच होतो.

याहून घातक प्रकार म्हणजे नव्या स्विचचा कारखान्यातला पत्ता आणि कार्यालयाच्या राउटरचा पत्ता एकच निघणे. १९२.१६८.०.१ बाबत हे सहज घडते. मग बाहेर जाणारी सगळी पत्रे काही संगणक राउटरऐवजी स्विचच्या हाती देतात, आणि स्विचला त्यांचे काय करायचे हे ठाऊक नसते. ‘इंटरनेट मधूनच जाते’ अशी तक्रार सुरू होते. एकाच गावातले दोन मारुती ते हे.

तिसरी पायरी म्हणजे चार गोष्टी भरणे : पत्ता, मास्क, गेटवे आणि नाव. यांतला गेटवे सर्वाधिक वेळा राहून जातो, आणि राहिला तरी त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच खोलीतल्या लॅपटॉपवरून स्विच उत्तर देतो, काम झाले असे वाटते. पण वर्ध्याहून कोणी विचारले की शांतता. प्रश्न पोहोचलेला असतो. उत्तर वस्तीबाहेर कोणत्या दाराने पाठवायचे, हे स्विचला सांगितलेलेच नसते. म्हणून तपासणी खोलीतून न करता, जिथून पुढे देखभाल होणार आहे त्या दूरच्या ठिकाणाहून करावी.

चौथी पायरी साठवण्याची. पुष्कळ स्विचमध्ये केलेला बदल लगेच लागू होतो, पण तो चालू स्मृतीतच राहतो. कायमच्या स्मृतीत तो वेगळा आदेश देऊन उतरवावा लागतो. हे राहिले तर सगळे आठवडाभर उत्तम चालते आणि एका संध्याकाळी वीज गेली की पत्ता पुसला जातो. वीज येते, दिवे लुकलुकतात, निरोपांची ये-जा सुरू होते. कोणालाच काही बिघडल्याचे कळत नाही. कळते ते पुढच्या अडचणीच्या दिवशी. विदर्भातल्या पावसाळ्यात वीज जाणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून साठवल्यावर स्विच एकदा स्वतः बंद करून पुन्हा चालू करावा आणि पत्ता टिकला का ते पाहावे.

स्थिर की वाटपातला?

या क्षेत्रातल्या लोकांत एक जुना वाद आहे. संगणकांना आणि फोनना पत्ते आपोआप वाटणारी एक पद्धत आहे, डीएचसीपी. नव्वदच्या दशकात ती रूढ झाली. यंत्र जाळ्यात आले की विचारते, ‘मला पत्ता मिळेल का?’ वाटप करणारा, बहुधा राउटरच, मोकळा पत्ता काही काळापुरता भाड्याने देतो. धर्मशाळेतली खोली जशी. मग स्विचलाही असाच पत्ता का देऊ नये?

देऊ नये म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा. धर्मशाळेतल्या खोलीचा पत्ता आपण व्यवहाराच्या कागदावर लिहीत नाही. उद्या खोली बदलू शकते. शिवाय वीज गेली आणि आली, की सगळी यंत्रे एकदम जागी होतात. राउटर उठायला उशीर झाला आणि स्विच आधी उठला, तर त्याला वाटप करणाराच भेटत नाही. मग काही स्विच कारखान्यातल्या पत्त्यावर परततात, काही १६९.२५४ ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता स्वतःच घेतात, काही पुन्हा पुन्हा विचारत राहतात. मुख्य म्हणजे राउटरच बिघडला असेल, तेव्हाच स्विचशी बोलण्याची खरी गरज असते. आणि नेमका तेव्हाच पत्ता राउटरच्या मर्जीवर असतो.

द्यावा म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे. शेकडो स्विच असलेल्या संस्थेत एकेकाला हाताने पत्ता देणे म्हणजे चुकांना निमंत्रण. त्यापेक्षा वाटप करणाऱ्याकडेच लिहून ठेवावे, की या जन्मखुणेचा स्विच आला की त्याला हाच पत्ता द्यायचा. याला राखीव पत्ता म्हणतात. यात सगळी नोंद एका ठिकाणी राहते.

तालुक्याच्या ठिकाणच्या पाच-दहा स्विचसाठी पहिला पक्ष अधिक बरोबर आहे, असे माझे मत आहे. हाताने स्थिर पत्ता द्यावा. मात्र एक पथ्य पाळावे : तो पत्ता वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा असावा. वाटप १०० ते २०० मधून होत असेल आणि स्विचला १५० दिला, तर एखाद्या दुपारी कोणाच्या तरी फोनलाही १५० मिळेल. वरच्या नमुन्यात स्विचचे आकडे ११ ते ३० ठेवले, ते यासाठीच.

दार कोणासाठी उघडे

पत्ता दिला म्हणजे दार केले, आणि दार केले की कडी हवी. कारखान्यातला पासवर्ड पत्रकात छापलेला असतो, म्हणजे तो जगाला ठाऊक असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. स्विचचा पत्ता खासगी पट्ट्यातला असावा आणि बाहेरच्या इंटरनेटवरून तो गाठता येऊ नये. एप्रिल २०१८ मध्ये इराणसह अनेक देशांतल्या सिस्कोच्या स्विचवर हल्ला झाला आणि त्यांची साठवलेली मांडणी पुसली गेली. दूरच्या ठिकाणचा नवा स्विच माणूस न जाता मांडता यावा, म्हणून केलेली एक सोय त्यांत चालू राहिली होती, आणि ती बाहेरच्या जगाला उघडी होती. सोय आणि धोका एकाच दारातून येतात, याचे हे उदाहरण.

आतूनही थोडे अंतर ठेवावे लागते. मॅनेज्ड स्विच एकाच पेटीत दोन-चार वेगळी जाळी मांडू शकतो. त्यांना व्हीलॅन म्हणतात. एकाच वाड्यात भिंती घालून वेगळी बिऱ्हाडे करावीत, तसे. स्विचचे पत्ते एका वेगळ्या बिऱ्हाडात ठेवले, म्हणजे प्रतीक्षागृहात बसून वायफाय वापरणाऱ्याच्या फोनवरून स्विचच्या दारापर्यंत पोहोचता येत नाही. आपला नमुना मग थोडा बदलेल : स्विचच्या बिऱ्हाडाला वेगळी वस्ती द्यावी लागेल. लहान शाळेत एवढे करण्याची गरज नसेल. रुग्णालयात किंवा पोलीस ठाण्यात मात्र असते.

वही

एवढे सगळे नीट केले आणि लिहून ठेवले नाही, तर काही वर्षांनी न केल्यासारखेच होते. या कामातला सर्वांत दुबळा दुवा तारेत किंवा यंत्रात नसतो. जाळे एक कंत्राटदार उभारतो, देखभाल दुसरा करतो, कार्यालयातला जाणता लिपिक बदलून जातो. पत्ते ठाऊक असलेला माणूस गेला की पत्ते त्याच्याबरोबर जातात. मग नवा माणूस येतो आणि एकच मार्ग उरतो : पेटीवरची बारीक कळ दाबून ती कारखान्यातल्या स्थितीत आणणे आणि सगळे पुन्हा मांडणे. तोवर खिडकीबाहेरची रांग परत जाते. त्या रांगेत मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेला कोणी असतो, अर्जाची शेवटची तारीख असलेली मुलगी असते. ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढेच उत्तर त्यांना मिळते. पुष्कळदा दूरचा सर्व्हर ठणठणीत असतो. याच इमारतीतला एक स्विच कोणाला सापडत नसतो.

उपाय स्वस्त आहे. एक साधी वही, आणि तिच्यात प्रत्येक स्विचसाठी एक ओळ : नाव, जागा, पत्ता, मास्क, गेटवे, जन्मखूण, बसवल्याची तारीख, कोणत्या खाचेत काय. हीच माहिती संगणकात असावी, पण वही हवीच. कारण जाळे बंद असते तेव्हा जाळ्यावरची नोंद वाचता येत नाही. पेटीवर नाव आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. पासवर्ड चिठ्ठीवर नको. तो लिफाफ्यात बंद करून कार्यालयप्रमुखाच्या कपाटात ठेवावा. साठवलेल्या मांडणीची एक प्रत बाहेर काढून ठेवावी, म्हणजे स्विच जळाला तर नव्याला तीच मांडणी देता येते. आणि कंत्राटाचे शेवटचे देयक मंजूर करण्यापूर्वी ही वही मागावी. शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा नगर पंचायतीच्या सदस्याला सबनेट मास्कचे गणित येण्याची गरज नाही; ‘पत्त्यांची यादी कुठे आहे?’ एवढे विचारता आले तरी पुरे.

आयपी पत्त्यांची सहावी आवृत्ती आता सर्वत्र येते आहे. तिच्यात बत्तीसऐवजी एकशे अठ्ठावीस द्विमान अंक आहेत, म्हणजे पत्त्यांची टंचाई कायमची संपली. पण ते पत्ते इतके लांब आहेत, की तोंडपाठ ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. आज एखादा जुना कारागीर आपल्या गावातले दहा स्विच आठवणीने सांगू शकतो. उद्या ते शक्य होणार नाही. लिहून ठेवण्याची सवय तेव्हा अधिक लागेल.

वेलणकरांनी पिनकोड आखला तो प्रत्येक गावाला आकड्यांत बसवण्याच्या हौसेने नव्हे. पत्र पाठवणारा आणि ते घेणारा यांच्यात कितीही हात बदलले, तरी पत्र पोहोचावे, यासाठी आखला. मधल्या कोणत्याही एका माणसाच्या आठवणीवर ते अवलंबून राहिले नाही. कारंज्यातल्या भिंतीवरच्या पेटीचा पत्ता तशाच तऱ्हेने लिहिलेला असावा : ज्याने ती बसवली त्याच्यासाठी नव्हे, तर ज्याने ती कधी पाहिलेली नाही आणि ज्याला एका सोमवारी सकाळी ती तातडीने शोधायची आहे, त्याच्यासाठी.